मुगाचा खिमा

गौतमी मटण खाते. आमच्या भरे गावात ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. रविवारी सकाळी कुठल्याही आळीतून चाललात तरी कुणाच्या घरी काय शिजतंय ते नाकाला कळतं. पण इथून जवळच, पिरंगुटला, शिकल्यासवरल्या माणसांच्या एका कंपनीत तिचं हे खाणं गुन्हा ठरलं. आणि ठरलं कुठे, तर जिथे मटणासारखा लागणारा पदार्थ बनवायचा होता, तिथेच. हे मी जितक्या वेळा सांगते तितक्या वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऐकणारे म्हणतात, तुळजाबाई, जरा शांत व्हा, यात तुमचं काय गेलं? माझं काही गेलेलं नाही. जिचं गेलं ती पोरगी शांत आहे, म्हणून मी बोलते.

मी पिरंगुटला एका पतसंस्थेत कारकून आहे. गौतमी आणि मी सकाळी एकाच बसने जायचो. ती साहेबरावांची मुलगी. साहेबराव पिरंगुटच्याच एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. गौतमीची आई गोजराबाई. बौद्धवाड्यातलं तिसरं घर त्यांचं, दारात शेवग्याचं झाड. लहानपणी या पोरीला एक खोड होती. दूध नासलं की घरात सगळ्यांची तोंडं पडायची आणि ही पातेलं मांडीवर घेऊन बघत बसायची, पांढरं कुठे जातं आणि पिवळं पाणी कुठून येतं. गोजराबाई म्हणायच्या, हिला दूध प्यायचं न्हाई, इस्कटल्यालं बघायचं. हीच खोड पुढे तिच्या कामाला आली. रसायनशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, मग अन्नतंत्रज्ञानात एम. एस्सी. केलं, आणि पिरंगुटच्या एका लहानशा कंपनीत लागली. कंपनी डाळींतून प्रथिनं काढायची. प्रयोगशाळेत नाव लावायला ऋषिकेश सर, सूसच्या सोसायटीत राहणारे, परदेशात शिकून आलेले. हाताने करणारी ही.

तिचं काम मला बसमध्ये कळलं. पर्समध्ये ती एक काचेची बाटली ठेवायची. वर पातळ पाणी, तळाला काकवीसारखा दाट सोनेरी थर. बाटली हलवली की सगळं दुधासारखं पांढरं व्हायचं आणि मग हळूहळू पुन्हा वेगळं व्हायला लागायचं. पिरंगुटच्या चौकात रोजच वाहनं अडकतात, त्यामुळे मला तो प्रयोग शेवटपर्यंत बघायला मिळायचा. मी विचारलं, हे तेल आहे का? ती हसली. म्हणाली, दोन्ही पाणीच, मावशी. खालचं प्रथिनांनी भरलेलं आणि वरचं जवळजवळ रिकामं.

मुगाचं पीठ खारट पाण्यात कालवलं की त्यातली प्रथिनं पाण्यात उतरतात. चोथा गाळून टाकायचा. उरलेलं नितळ पाणी भरपूर थंड, बिनमिठाच्या पाण्यात ओतायचं. मीठ विरळ झालं की प्रथिनांच्या रेणूंना पाण्यापेक्षा एकमेकांचाच आधार बरा वाटतो, आणि त्यांचे बारीक बारीक थेंब होतात. थेंब म्हणजे थेंबच. दूध नासल्यावर होतात तसल्या गुठळ्या नव्हेत. ते एकमेकांना भेटतात, मोठे होतात आणि जड होऊन तळाला बसतात. यात आंबट काही घालावं लागत नाही आणि उकळावंही लागत नाही, त्यामुळे प्रथिनांचे गुण शाबूत राहतात. तिच्या कंपनीत या दाट थरावर उड्या पडायच्या. कबाबात अंड्याऐवजी बांधायला तो चालायचा, कमी तुपाच्या मिठाईला मऊपणा द्यायचा, त्याच्या थेंबात केशराचा वासही कोंडून ठेवता यायचा.

पण गौतमीचा जीव अडकला होता तो धाग्यात. मटण बोटाने दाबलं की धागा सुटतो, तसा धागा मुगातून काढायचा होता. तिने त्या दाट थरात गव्हाचं प्रथिन मिसळलं. ही दोन्हीही एकमेकांत पुरती विरघळत नाहीत, एकाचे थेंब दुसऱ्यात राहतात. ते मिश्रण एकात एक बसवलेल्या दोन गरम नळकांड्यांच्या मधल्या फटीत घालायचं, बाहेरचं नळकांडं स्थिर आणि आतलं फिरतं. हळू फिरवलं की थेंब ताणले जातात, लांब होतात आणि उष्णतेने तसेच घट्ट होतात. तोच धागा. जोरात फिरवलं की थेंब ताणले जायच्या आधीच फुटतात, आणि मग हातात येतो तो नुसता ओला पाव.

ही गती सापडायला तिला दोन पावसाळे लागले. नमुना डब्यात घालून ती घरी आणायची आणि गोजराबाई चाखायच्या. पहिला नमुना त्यांनी अंगणात कोंबड्यांना टाकला. पुढच्याला म्हणाल्या, चपलेचा तळवा. गौतमी सकाळी बसमध्ये मला हे सांगायची आणि खो खो हसायची. शेवटी एका रविवारी गोजराबाईंनी तो खिमा आपल्या वाटणात परतला, घास चावला आणि लगेच दुसरा घेतला. दुसऱ्या दिवशी पोरगी बसमध्ये जागेवर बसायला तयार नव्हती. ऋषिकेश सरांनी तिला शब्द दिला होता की हा पदार्थ विकला गेला की या विभागाची प्रमुख तीच, आणि नोकरीही कायम. तिला नोकरीपेक्षा पहिल्या गोष्टीचं जास्त होतं. ते नळकांडं तिचं होतं. त्यातून निघालेला धागा लोकांच्या ताटात जाताना तिला तिथे उभं राहायचं होतं.

आता दिग्विजयबद्दल सांगते. दिग्विजय तिथला उत्पादनाचा सुपरवायझर, मुळशी खोऱ्यातल्या एका मोठ्या घरचा. माणूस मनमोकळा, खिलवण्याची हौस असलेला. चैत्रात त्याच्या गावची जत्रा असते आणि दर वर्षी अख्खी कंपनी त्याच्या घरी जेवायला असते. बोकड पडतं, मोठ्या पातेल्यात रस्सा शिजतो, वाड्यावस्त्यांवरची माणसं पंगतीला बसतात. त्या वर्षी ऋषिकेश सरांनी रस्सा दोनदा मागून घेतला आणि नळी फोडायला दिग्विजयच्या आजीकडून वरवंटा मागवला. प्रयोगशाळेतली सोनल, डोंगराकडच्या वाडीची पोर, हीही होती. तिने तर सरांना खेकड्याचा रस्सा कसा करतात ते सांगितलं. गौतमीही त्याच पंगतीत होती. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण गौतमीने सांगितलं आणि फोटोही गावभर फिरले.

जत्रेला महिनाही झाला नसेल, तोच गिऱ्हाईक आलं. पुण्यातली फरसाणाची एक जुनी पेढी. त्यांना शाकाहारी खिमा बाजारात आणायचा होता. माल त्यांना आवडला. पण त्यांची एक अट होती. पाकिटावर छापायचं होतं की हा पदार्थ जन्माने शाकाहारी असलेल्या हातांनी बनवला आणि तशाच जिभांनी चाखला आहे. मला हे कळलं तेव्हा मी बसमध्येच विचारलं, अगं, मग तो मटणासारखा लागतो हे त्या जिभांना कळणार कसं? गौतमीने बाटली हलवली आणि म्हणाली, मीबी त्येच इचारलं, मावशी.

सरांनी सगळ्यांना चाखायच्या खोलीत उभं केलं. पेढीचा माणूस शेजारी होता. सर म्हणाले, आपल्यापैकी नॉनव्हेज कोण कोण खातं, त्यांनी हात वर करा. दिग्विजय घड्याळाकडे बघायला लागला. सोनलने मान खाली घातली. कोणी फरशी बघत होतं, कोणी छताचा पंखा. ज्यांनी महिन्यापूर्वी एका पातेल्यातून वाढून घेतलं होतं ते सगळे मूग गिळून गप्प बसले. आणि त्या कंपनीत मुगाला काही तोटा नव्हता. एक हात वर आला. गौतमीचा. तिला वाटलं होतं, निदान निम्मे हात तरी वर येतील. मागून कोणीतरी पुटपुटलं की हिचं काय, हिचं ठाऊकच होतं.

या वाक्याचा मला आजही संताप येतो. हिचं ठाऊक होतं, आणि दिग्विजयच्या दारात पडलेलं बोकड ठाऊक नव्हतं? सरांनी फोडलेली नळी ठाऊक नव्हती? ठाऊक सगळ्यांचं सगळं होतं. पण कुणाचं खाणं लपू शकतं आणि कुणाचं आडनावाबरोबरच उघडं पडतं, तेही त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. गौतमी खोटं बोलली असती तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. ती खरं बोलली, तर तेवढंच पुरलं.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ ठेवला. प्लीज समजून घे, म्हणाले, यात पर्सनल काही नाही, थोडे दिवस गोडाऊनला जा, मूग तपासून घ्यायचं काम आहे, नंतर बघू. डबाही सध्या गोडाऊनलाच खात जा. पुढे त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरची तिचीच बाटली उचलली आणि म्हणाले की हे बघ, काही गोष्टी वेगळ्या होतात, निसर्गच आहे, यात कुणाचा दोष नसतो.

गौतमी म्हणाली, "सर, प्रोटीन आपोआप वेगळं होतं. मला तुम्ही वेगळं केलंत."

आणि बाटली त्यांच्या हातातून घेऊन ती बाहेर आली. संध्याकाळी बसमध्ये मी तिला विचारलं, सगळे गप्प होते तर तू कशाला हात वर केलास? मला राग तिचा नव्हता, पण माझ्या तोंडून तेच निघालं. ती म्हणाली, "इचारलं म्हणून सांगितलं, मावशी. खाती तर न्हाई कशी म्हणू?" घरी साहेबरावांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की खोटं बोलली न्हाईस त्ये ब्येस केलंस, पर त्यांनी हाकलल्याबिगर जागा सोडू नगंस. म्हणून ती गोडाऊनला गेली. एम. एस्सी. झालेली पोर मुगाच्या पोत्यात बांबू खुपसून दाणे बघत बसली.

इकडे पेढीला माल भरपूर आणि लवकर हवा होता. दिग्विजयने नळकांड्याची गती वाढवली. कागदावर सगळं बरोबर होतं, प्रथिनं तितकीच, ओल तितकीच, रंग तोच. धागा तेवढा मेला होता. ते फक्त तोंडात घातल्यावर कळणार होतं, आणि तोंडात घालणारे सगळे जन्माचे शाकाहारी झाले होते.

ते चाखणं कसं झालं ते मला सोनलने सांगितलं, रडत रडत, बसच्या मागच्या बाकावर. नव्या घाण्याचा खिमा वाट्यांमधून वाढला. पेढीचा माणूस समोर बसलेला. दिग्विजयने घास घेतला, एकदा चावला आणि थांबला. त्याच्या जिभेला लगेच कळलं. सोनललाही कळलं. सरांनाही कळलं असणार, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. पण बोलणार कसं? हे मटणासारखं लागत नाही म्हणायचं, तर मटण कसं लागतं ते तुला कसं माहीत, असा प्रश्न आला असता. पेढीच्या माणसाने दिग्विजयला विचारलं, काय, अगदी तसंच आहे ना? दिग्विजयने घास गिळला आणि म्हणाला, छान आहे, आता तसंच आहे की नाही ते आपल्याला काय ठाऊक. सोनलने मान हलवली. सर म्हणाले, टेक्श्चर एकदम मस्त. सगळ्यांनी वाट्या पुसून खाल्ल्या. आपलं शाकाहारीपण सिद्ध करायला त्यांनी तो ओला पाव आनंदाने गिळला.

मी सोनलला बोलले नाही असं नाही, चांगलं सुनावलं. ती म्हणाली, माझा हात वर आला असता तर मीबी गोडाऊनला असती आणि वाडीवर माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं हायेत. तिच्यावरचा राग माझा टिकला नाही. दिग्विजयवरचा टिकला. त्याला गोडाऊनची भीती नव्हती, घरची जमीन होती, गावात शब्द होता. त्याने हात वर केला असता तर मागून आणखी चार आले असते आणि ती अट तिथल्या तिथे हास्यास्पद झाली असती. ज्याला परवडलं असतं तोच घड्याळ बघत राहिला.

थोड्या दिवसांनी पेढीने पहिला माल बाणेरच्या एका हॉटेलात करून बघायला दिला. तिथल्या आचाऱ्याला शाकाहारी असण्याची अट नव्हती. त्याने सांगितलं, हा खिमा नव्हे, भिजवलेला ब्रेडचा चुरा आहे. पेढीचा फोन आला. मग ऋषिकेश सर स्वतः गोडाऊनला आले, मुगाच्या पोत्यांमधून वाट काढत. म्हणाले, गौतमी, एक फेवर हवा आहे. सगळे गेले की मागच्या दाराने ये, गती तू लाव, तूच चाखून बघ. बाहेर कळता कामा नये. पेढीच्या माणसांसमोर मात्र यायचं नाही.

तिच्या मनात काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिला जायचं होतं. नळकांडं तिचं होतं, धागा तिचा होता आणि तो मेलेला तिला बघवत नव्हता. एक वेळ तर ती उठलीसुद्धा. मग ती म्हणाली, येते, पण पुढच्या दाराने. आणि आधी तो प्रश्न सगळ्यांसमोर पुन्हा विचारा. पहिला हात तुमचा वर झाला पाहिजे.

सर म्हणाले, ते शक्य नाही, काँट्रॅक्ट जाईल. तिने विचारलं की मग मी मागच्या दाराने येऊन चाखलं तर पाकिटावर काय छापणार? सरांनी एक-दोन मुगाचे दाणे उचलून बोटांत फिरवले आणि ते निघून गेले. तारीख जाहीर झालेली होती, पेढीला थांबायचं नव्हतं. माल आहे तसाच निघाला. महिनाअखेरीला गौतमीचा करार संपला, तो पुन्हा केला गेला नाही. आता ती उरवड्याकडच्या एका लहान युनिटमध्ये आहे, मुगाच्या त्याच दाट थरापासून केकमध्ये अंड्याऐवजी घालायचं पातळ मिश्रण बनवते. तिथे पहिल्या दिवशी कोणी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं की मी मटण खाते. मालक म्हणाला, बरं, मग?

परवा मला पिरंगुटच्या दुकानात ते पाकीट दिसलं. काचेच्या फ्रीजमध्ये, हिरवा ठिपका, वाफाळत्या ताटाचं चित्र. वर मोठ्या अक्षरात अस्सल मटणाची चव. खाली बारीक अक्षरात ते हात आणि त्या जिभा. माझं डोकं असं फिरलं की मी ते विकत घेतलं आणि रविवारी तडक साहेबरावांकडे गेले. गौतमी म्हणाली, मावशी, कशाला आणलं. पण गोजराबाईंनी पाकीट हातातून घेतलं. पोरीचं काम आहे, त्यांना एवढंच दिसलं. त्यांनी कांदा-खोबरं भाजलं, वाटण केलं, आपल्या हाताचा मसाला घातला. घरात वास असा सुटला की साहेबराव पेपर ठेवून आत आले.

आम्ही चौघं बसलो. गोजराबाईंनी भाकरीबरोबर घास घेतला. चावला, थांबल्या. ताटातला थोडा खिमा बोटाने दाबून बघितला. त्याचा लगदा झाला. त्यांनी पुन्हा दाबला, धागा शोधत असल्यासारखा. मग लेकीकडे बघितलं.

"तू आणायचीस त्यात धागा व्हता," त्या म्हणाल्या. "ह्ये कुणी चाखलं न्हाई व्हय?"

गौतमीने ताटातला घास खाल्ला होता. ती तो शांतपणे चावत होती, शेवटपर्यंत, जशी नमुना चाखताना चावायची तशी. मग गिळला.

"चाखलं की समद्यांनी, आई," ती म्हणाली. "वळखलंबी समद्यांनी."